दुसरी चप्पल

साप चावल्यावर मुळी देणाऱ्या मुळीबुवांच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडाच्या वखारीची रात्रपाळी करवत बंद करून आली होती, सकाळची पाळी कामावर जायच्या आधी वाट वाकडी करून आली होती, आणि ज्यांना काहीच काम नव्हतं ते सगळ्यांच्या पुढे उभे होते. अंगणाच्या मधोमध एक लांब बाक होता. बाकावर एका ओळीत सात मुळ्या मांडल्या होत्या. बाकाच्या एका टोकाला तारेच्या पिंजऱ्यात एक मुंगूस होतं आणि दुसऱ्या टोकाला खुर्चीवर माझा दादा बसला होता.

दादाला साप चावला होता. वखारीत ओंडक्यांची मापं घ्यायचं त्याचं काम. पहाटे ट्रक येणार म्हणून तो तिथेच जमिनीवर पथारी टाकून झोपला होता आणि सकाळी सहाला पोट धरून उठला. उजव्या पायाच्या अंगठ्याजवळ सुई टोचल्यासारखे दोन ठिपके होते. पथारी उचलली तर खालून काळा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला आणि भुशात दिसेनासा झाला. मॅनेजरांनी जीप दिली. ड्रायव्हरने ती वखारीच्या शिरस्त्याप्रमाणे सरळ मुळीबुवांकडे आणली. मोठं हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर होतं आणि मुळीबुवा सात मिनिटांवर.

मी सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवते. निरोप आला तशी हाताचा खडूसुद्धा न झटकता धावले. वहिनी माझ्या आधी पोचली होती आणि दादाच्या खुर्चीचा हात धरून उभी होती.

"मंडळी, शांतता राखा, कोर्ट सुरू आहे," मुळीबुवा म्हणाले. माणूस उंचापुरा, आवाज गोड, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, म्हणजे आपण काही लपवत नाही हे सगळ्यांना दिसावं. "आरोपी कोण? विष. फिर्यादी कोण? हा बिचारा. आणि याची बाजू मांडणार आमचे वकीलसाहेब." इथे त्यांनी पिंजऱ्यावर टिचकी मारली. "नागाशी भांडून जिंकून घरी जातो असा हा प्राणी. का जातो? त्याला मुळी ठाऊक आहे. कॉलेजात शिकलेल्यांना ठाऊक नाही, वकीलसाहेबांना ठाऊक आहे. आणि इथे तारखा पडत नाहीत, मंडळी. निकाल जागेवर."

लोक हसले. मीही हसले, हे लपवत नाही.

पिंजरा उघडला. मुंगसाला आधी दादाच्या पायाचा वास दिला गेला. मग ते बाकावरून सरसर निघालं. पहिली मुळी हुंगली, दुसरी हुंगली, तिसरी-चौथीकडे बघितलंही नाही आणि पाचवीपाशी थांबून ती दोन्ही पंजांत धरून कुरतडायला लागलं. सगळ्या अंगणाने रोखलेला श्वास सोडला. मुळीबुवांनी ती मुळी त्याच्या तोंडून हलकेच सोडवली, अर्धी उगाळून दादाला पाजली आणि अर्धी त्याच्या घोट्याला दोऱ्याने बांधली.

"पाय बघा, सूज आहे का?" त्यांनी विचारलं. सगळ्यांनी पाय बघितला. सूज नव्हती. "सूज नाही म्हणजे विष वर चढलंच नाही."

आमच्या भागात घोणस चावलेला पाय सगळ्यांनी कधी ना कधी पाहिलेला असतो. तो ओंडक्याएवढा सुजतो. त्यामुळे सूज म्हणजे विष आणि सूज नाही म्हणजे विष नाही, असा हिशेब वखारीत लहानथोरांना पाठ आहे. मीही तोच मांडला आणि मला हायसं वाटलं.

मग चप्पल टांगायची वेळ आली. मुळीबुवांच्या घराची अंगणाकडची भिंत म्हणजे त्यांची पदवी, प्रशस्तिपत्र आणि जाहिरात, सगळं एकत्र. मुळी घेऊन उठलेल्या माणसाने स्वतःच्या पायांनी भिंतीपर्यंत चालत जायचं आणि साप चावलेल्या पायातली चप्पल खिळ्याला टांगायची, अशी पद्धत. दोनशे तेरा चपला आधीच होत्या, तळवे बाहेर करून लावलेल्या. बहुतेक सगळ्या वखारीने दिलेल्या निळ्या रबरी. करवतीच्या शेडमध्ये भुशावर चप्पल घसरते म्हणून तिथे सगळे अनवाणी काम करतात आणि दाराशी शंभर-शंभर सारख्या चपलांचा ढीग पडतो. सुटी झाली की भांडणं नकोत म्हणून जो तो तापलेल्या खिळ्याने दोन्ही तळव्यांवर आपापली खूण डागून ठेवतो. कुणाची फुली, कुणाचं बदाम, कुणाचा नुसता आकडा. दादाची खूण एक छोटा त्रिकोण आणि त्यात ठिपका.

"बुवा, एकच द्यायची? मग दुसरीचं काय करू?" दादाने विचारलं.

"फेकून द्या. नवा जन्म, नवा जोड."

दादा लंगडत भिंतीपर्यंत गेला, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोनशे चौदा.

परत येताना त्याच्या पापण्या जड झाल्या होत्या. मुळीबुवांनी तेही लोकांना दाखवलं. "विष उतरलं की अशी झोप येते. घरी न्या आणि स्वस्थ झोपू द्या."

आम्ही त्याला घरी आणलं. त्याची जीभ अडखळत होती. वहिनीने मला हळूच विचारलं, "ताई, यांचा आवाज असा जड का येतोय?" मी दादाच्या उशाशीच उभी होते. मी म्हणाले, "रात्रभर धड झोप झालेली नाही गं. झोपू दे त्याला." आणि त्याच्या अंगावर चादर ओढली.

दीड तासाने वहिनीला त्याच्या छातीची हालचाल बरोबर वाटेना. आम्ही जीप बोलावली. हॉस्पिटलच्या फाटकाशी पोचेपर्यंत दादा गेलेला होता.

तिथल्या डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी अंगठ्याचे ठिपके पाहिले, साप कसा होता ते विचारलं, पापण्या किती वाजता पडायला लागल्या ते विचारलं. मग सांगितलं की तो मण्यार. त्याचे दात बारीक असतात, चावा फारसा दुखत नाही आणि तिथे सूजही येत नाही. त्याचं विष नसांवर जातं. आधी पापण्या पडतात, मग जीभ जड होते, मग गिळता येत नाही आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. वेळेवर आणलं असतं तर सापाच्या विषावरचं इंजेक्शन होतं, श्वास चालू ठेवणारं यंत्र होतं.

"म्हणजे तो झोपेत गेला," मी म्हणाले. मला त्यातल्या त्यात काहीतरी हातात धरायला हवं होतं.

डॉक्टरांनी हातातली नोंदवही मिटली. मग म्हणाल्या, "बाई, खोटं सांगत नाही. ती झोप नसते. बराच वेळ माणूस शुद्धीवर असतो. ऐकू येतं, फक्त पापण्या उचलता येत नाहीत."

म्हणजे झोपू दे त्याला, असं मी म्हणाले ते दादाने ऐकलं होतं. ही गोष्ट मी आजवर वहिनीलाही सांगितलेली नाही. आज इथे लिहिते आहे.

पंधरा दिवसांनी शाळेत जाताना मुळीबुवांच्या अंगणात पुन्हा गर्दी दिसली. कुणीतरी नवीन माणूस खुर्चीवर होता आणि मुळीबुवा भिंतीकडे हात करून सांगत होते की दोनशे चौदा माणसं इथून स्वतःच्या पायांनी चालत गेली. त्या दोनशे चौदात दादा होता. त्रिकोण आणि ठिपका मला रस्त्यावरून दिसत होता.

मी आत जाऊन त्यांना अडवलं. ते चिडले नाहीत, उलट माझ्यासाठी खुर्ची मागवली. "दादा माझ्याकडून चालत गेले की नाही? तुम्हीच साक्षीदार. घरी गेल्यावर काय झालं ते मी कसं सांगणार?" लोकांनी माना डोलावल्या. वखारीत बोलून पाहिलं, तिथे मॅनेजरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बाई, तुम्ही दुःखात आहात असं सांगितलं. मी काहीही म्हटलं की समोरचा भिंतीकडे बोट दाखवायचा. त्या भिंतीपुढे माझं विज्ञानाचं पुस्तक अगदीच बारकं पडत होतं.

तोड सुचली ती वहिनीला. दादाची दुसरी चप्पल आमच्या दाराशी तशीच होती. वहिनी रोज केर काढताना ती उचलायची, खालून झाडायची आणि परत तिथेच ठेवायची. एका सकाळी ती उचलून धरूनच उभी राहिली.

"ताई, जो वाचला असेल तो दुसरी चप्पल फेकून देणार ना? एका चपलेचं काय करायचंय? आपण नाही फेकली."

म्हणजे जोड नसलेली चप्पल ज्या घरात जपून ठेवली असेल, तिथला माणूस गेलेला असणार. मग आम्ही दोघी त्या दिवसापासून घरोघर जायला लागलो. शाळा सुटल्यावर, सुटीच्या दिवशी, वखारीच्या चाळीत आणि आसपासच्या वस्त्यांत. प्रश्न एकच, तुमच्याकडे एक चप्पल आहे का, जोड नसलेली. पुष्कळांनी आम्हाला वेड्यात काढलं. पण काही दारांत हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस आत जाऊन ती घेऊन यायचा. एका म्हातारीने ट्रंकेतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुलाची चप्पल काढली, घड्या उलगडून आम्हाला खूण दाखवली आणि परत गुंडाळली. तिला कुणी आजवर विचारलंच नव्हतं. मुलाचं हृदय बंद पडलं असं तिने लोकांना सांगितलं होतं, कारण मुळीबुवांचा गुण सगळ्यांना येतो आणि आपल्यालाच आला नाही म्हणजे आपलंच काही चुकलं असेल, असं तिला वाटायचं. चप्पल द्यायला ती दुसऱ्या खेपेला तयार झाली.

आठ महिन्यांत एकतीस चपला जमल्या. मी त्या एका पोत्यात घालून शाळेच्या कपाटात ठेवल्या, नकाशांच्या मागे.

मग भिंतीवरचे बाकीचे एवढे लोक कसे वाचले, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन बरण्या समोर ठेवल्या. दोन्हींत पट्ट्यांचे साप, मला तरी सारखेच वाटले. एक मण्यार आणि दुसरा कवड्या. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचं बरोबर उलट. लाकडाच्या थप्पीत पाली खायला येतो तो बहुधा कवड्या. त्याला विष नाही.

"कवड्या चावलेल्याला मुळी द्या, चहा द्या नाहीतर चार शिव्या द्या, तो दुपारी कामावर जातोच," डॉक्टर म्हणाल्या. "धामणीचंही तेच. आणि विषारी सापसुद्धा कधी कधी कोरडा चावा घेतो, विष सोडतच नाही. तुमच्या बुवांकडे असे लोक जास्त जातात, म्हणून भिंत भरते." मुंगसाचंही त्यांनी सांगितलं. त्याला कुठलीही मुळी ठाऊक नसते. ते चपळ असतं, आणि त्याच्या नसांची घडणच अशी असते की नागाच्या विषाला तिथे सहजासहजी पकड मिळत नाही. ते त्याला जन्मतः मिळालेलं आहे आणि आपल्याला उगाळून पिता येत नाही.

आम्ही येत्या सुटीच्या दिवशी सगळ्यांना बोलावून हे मांडणार होतो. पण साप काही आमच्या सवडीने चावत नाही. बुधवारी तिसऱ्या तासाला वर्गाच्या दारात वहिनी धापा टाकत आली. जीपच्या ड्रायव्हरच्या बायकोने जळणासाठी आणलेल्या फळ्यांच्या तुकड्यांच्या भाऱ्यावर पाय दिला होता आणि खालून पट्ट्यांचा साप डसला होता. जीप मुळीबुवांकडे गेली होती. मी मुलांना धडा वाचायला सांगून कपाट उघडलं. पोतं दोघींनी दोन टोकांना धरलं आणि आम्ही पळत सुटलो. वाटेत वहिनीने त्या म्हातारीला दारातून हाक मारली, तीही आमच्या मागून चालायला लागली.

अंगणात कोर्ट भरलं होतं. बाक, सात मुळ्या, पिंजरा. खुर्चीवर ती बावीस-तेवीस वर्षांची पोरगी रडत बसलेली, शेजारी ड्रायव्हर. याच माणसाने दादाला इथे आणलं होतं आणि यानेच नंतर हॉस्पिटलपर्यंत जीप पळवली होती. त्याने मला पाहिलं आणि मान खाली घातली.

मी भाषण करणार होते. त्याची वेळच आली नाही. वहिनीने पोतं भिंतीपाशी उलटं केलं, त्यातून आमची चप्पल काढली आणि भिंतीवरच्या दोनशे चौदाव्या चपलेशेजारी धरली. त्रिकोणाला त्रिकोण, ठिपक्याला ठिपका. मग म्हातारी पुढे आली. तिला मुलाच्या चपलेचा खिळा सापडेना, तेव्हा गर्दीतल्याच एकाने तिच्या हातातली खूण बघून वरच्या ओळीत बोट ठेवलं. बदामाला बदाम. मग आणखी एक, मग आणखी एक. वखारीतल्या माणसांना एकमेकांच्या खुणा पाठ असतात. मला एकही नाव सांगावं लागलं नाही. लोक स्वतःच चपला उचलून जोड लावू लागले.

मुळीबुवांचा गोड आवाज पहिल्यांदाच कोरडा झाला. "हे सगळे इथून जाताना जिवंत होते."

वहिनी त्यांच्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हो. इथे येतानाही जिवंतच होते."

ड्रायव्हर भिंतीकडे बघत होता. मग त्याने मला विचारलं, "बाई, कवड्या असेल का हो? हिच्या पायाला सूज नाहीये."

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "दादाच्या पायालाही नव्हती. मी तेव्हा थांबले. तू थांबू नकोस."

त्याने बायकोला दोन्ही हातांवर उचललं. गर्दीने वाट दिली. जीप गेल्यावर अंगणात नुसती धूळ राहिली.

लोक मात्र हलले नाहीत. वहिनीने बाकावरच्या मुळ्या एकेक करून नाकाशी नेल्या आणि पाचवीशी थांबली. "यांना शेवटची आंघोळ घालताना घोट्याची मुळी मी सोडली होती," ती म्हणाली. "तिला अंड्याचा वास येत होता. तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय." तिने बादलीत साती मुळ्या घासून धुतल्या आणि बाकावर परत मांडल्या. पिंजरा तिनेच उघडला. वकीलसाहेब या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, मुळ्यांवर पाय देऊन उड्या मारल्या आणि शेवटी मुळीबुवांच्या दुमडलेल्या बाहीवर चढून त्यांची बोटं चाटायला लागले. दुसरा कुठला दिवस असता तर अख्खं अंगण पोट धरून हसलं असतं.

मुळीबुवा बाकावर बसले. मुंगूस मांडीवर घेऊन ते मला हळू म्हणाले, "अंडं मी लावायचो. लोकांना धीर यावा म्हणून. पण मुळीने माणसं वाचतात असं मला खरंच वाटायचं, बाई. भिंत बघून मलाही वाटायचं." मला त्यांचा राग यायला हवा होता आणि आलाही. पण वाचलेलेच मोजायचे आणि गेलेल्यांच्या घरी जाऊन बघायचंच नाही, ही चूक करताना मीही त्याच अंगणात उभी होते.

म्हणून वाचणाऱ्याला हात जोडून सांगते. साप चावला तर तो कोणता हे ओळखत बसू नका, मारायलाही जाऊ नका. चावलेला पाय हलवू नका, कापू नका, घट्ट आवळू नका. किती वाजले ते बघा आणि माणसाला उचलून, जिथे इंजेक्शन आणि श्वासाचं यंत्र आहे तिथे न्या. सूज नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. पापण्या मिटायला लागल्या तर त्याला झोपू देऊ नका, कारण ती झोप नसते. आणि कुणी तुम्हाला वाचलेल्यांची भिंत दाखवली तर एवढंच विचारा की बाकीचे कुठे आहेत.

ड्रायव्हरच्या बायकोच्या पापण्या हॉस्पिटलात, चावल्यापासून तीन तासांनी पडल्या. तो मण्यारच होता. ती दोन दिवस यंत्रावर होती आणि नवव्या दिवशी घरी आली. मुळीबुवांच्या भिंतीवरून लोकांनी आपापल्या चपला काढून नेल्या, आमचीही वहिनीने आणली. आता दादाचा जोड पुन्हा दाराशी असतो.

ती पोरगी बरी झाल्यावर आम्हाला भेटायला आली. दाराशी दोन्ही चपला काढून आत आली, दादाच्या चपलांशेजारी. वहिनीने चहा केला. जाताना तिने आपल्या दोन्ही चपला पायांत सरकवल्या आणि ती निघाली. दादाच्या तिथेच राहिल्या.